सावलीचा बर्फ

नाना,

त्या सत्काराच्या संध्याकाळबद्दल आपण दोघं पुढे कधी बोललोच नाही. तुम्ही विषय काढला नाहीत आणि मी काढू दिला नाही. आईशी, काकांशी, गावातल्या येणाऱ्या-जाणाऱ्याशी तुम्ही त्यावर पुष्कळ बोललात, पण माझ्याशी नाही. मग तुम्ही गेलात आणि मी सुटले. खरंच, गेलेल्या माणसाला तोंड दाखवावं लागत नाही, ही केवढी सोय असते! आता माझेच केस पिकले, खोलीत शिरणारी मुलं मला वाकून नमस्कार करतात, आणि आता कुठे मला त्या संध्याकाळबद्दल बोलायची बुद्धी झाली. तुमचं बोलणं मध्येच तोडायची मला खोड होती. आज तुम्ही माझं बोलणं तोडू शकत नाही, तर निदान आज तरी सगळं सरळ सांगते.

माझ्या लहानपणी तुमच्या कपड्यांना अमोनियाचा वास यायचा. आई ते वेगळे धुवायची आणि धुता धुता कारखान्याच्या मालकाचा उद्धार करायची. बुरहानपूरच्या लालबागेतल्या त्या बर्फाच्या कारखान्यात तुम्ही मशीनवर होतात. जमिनीत मिठाच्या पाण्याची भली मोठी टाकी, तिच्यात पत्र्याचे उंच डबे बुडवलेले, वरून लाकडी फळ्या टाकलेल्या. बाहेर एप्रिलची आग ओतत असायची आणि आत त्या गार ओल्या फळ्यांवरून तुम्ही अनवाणी फिरायचात. मला ते फार श्रीमंतीचं वाटायचं. सगळं बुरहानपूर घामानं निथळतंय आणि आमचे नाना गारव्यात! लग्नसराईत भुशात गुंडाळलेल्या लाद्या हातगाड्यांवर लादल्या जायच्या, तेव्हा तुम्हाला जेवायलाही फुरसत नसायची. गाव तुम्हाला बरफवाले नाना म्हणायचं. मोठे काका, तुमचे सख्खे भाऊ, समाजाच्या मंडळाचे अध्यक्ष होते आणि मंडळाच्या कार्यक्रमात पुढच्या रांगेत बसायचे. तुम्ही मागे, पाण्याच्या ड्रमात बर्फ फोडून टाकायला. कुणी तुम्हाला तिथे बसवलं नव्हतं, आणि तिथून उठवलंही नव्हतं.

डेहराडूनला हिमालयाच्या बर्फाचा अभ्यास करायला जायचं मी ठरवलं तेव्हा आपल्या घरात काय तमाशा झाला होता! काका ओट्यावर बसून म्हणाले, "लडकी को इतना मत पढ़ा रे, हातची जाईल." तुम्ही त्यांना चहा दिलात आणि दुसऱ्या दिवशी माझं तिकीट काढून आणलंत. निघताना तुम्ही मला कारखान्यातले रबरी हातमोजे दिलेत, कोपरापर्यंतचे, काळे, नवेकोरे. "बरफ दिसतो साधा, पन हात खाऊन टाकतो. सांभाळ," म्हणालात. मी खो खो हसले. "अहो नाना, मी बर्फाला हात लावणारच नाही. मी खोलीत बसून उपग्रहाची चित्रं बघणार." तुम्हाला ते पटलं नाही. बर्फाचं काम करायचं आणि हात गार होऊ द्यायचे नाहीत, असं काम तुमच्या माहितीत नव्हतं. आई म्हणाली, "दुरून डोंगर साजरे, तेच बरं. बसू दे तिला खोलीत."

पुढे सुट्टीत आले की तुम्ही मला कारखान्यात बसवून विचारायचात, आणि मी सांगायचे. उपग्रह साधा फोटो काढत नाही, तो रडारचे किरण टाकतो आणि परत काय येतं ते बघतो. रात्र असो, ढग असो, त्याला फरक पडत नाही. कोरड्या बर्फातून ते किरण आरपार जातात आणि खालच्या जमिनीवर आपटून परत येतात. पण बर्फ वितळायला लागून ओला झाला, की तो किरण पिऊन टाकतो. परत काही येतच नाही, चित्रात तेवढा भाग काळा दिसतो. हिवाळ्याचं चित्र आणि मार्च-एप्रिलचं चित्र शेजारी ठेवायचं आणि आधी उजळ असलेलं कुठे काळं पडलं ते शोधायचं. "म्हंजे काळं दिसलं की पाघळला," तुम्ही म्हणालात. मी म्हटलं, अगदी तसंच. झालं! तेव्हापासून बर्फ घ्यायला येणाऱ्या प्रत्येक लस्सीवाल्याला तुम्ही ते ऐकवत होतात, आणि तो बिचारा लादी वितळेपर्यंत उभा राहून मान डोलवत होता.

मग माझं ते काम गाजलं. एका खोऱ्यात मार्च सुरू होतानाच मोठ्या उतारावरचा बर्फ ओला झालेला मला दिसला, नेहमीपेक्षा फार लवकर. मी ते एका परिषदेत मांडलं, लोकांनी माना हलवल्या, आणि कुठून कसं कोण जाणे, एका हिंदी पेपरात बातमी आली, 'बुरहानपुर की बेटी ने पकड़ी हिमालय की पिघलती बर्फ'. तुम्ही ती कापून, प्लास्टिकमध्ये बसवून मशीनच्या मीटरवर टांगलीत. तेव्हा आपलं गाव नुकतंच जिल्ह्याचं ठिकाण झालं होतं. नवा जिल्हा, नवे साहेब, आणि हौस अशी की रोज कुणाला ना कुणाला शाल-श्रीफळ. आपल्या समाजाच्या मंडळानंही ठरवलं. काका स्वतः घरी आले आणि म्हणाले, "अपनी बच्ची का सत्कार करना है. तू समोर बसजो." हे मला आईनं फोनवर सांगितलं. तुम्ही त्या दिवशी जेवला नाहीत म्हणे, नुसते आत-बाहेर करत राहिलात.

आणि मला चूक सापडली ती गावाला निघायच्या आदल्या आठवड्यात. पुढच्या लेखासाठी मी तीच चित्रं पुन्हा उघडली होती. नाना, हे तुम्हाला मी कधीच नीट समजावलं नाही, आता ऐका. उपग्रह एका फेरीत दक्षिणेकडून उत्तरेला जातो, दुसऱ्या फेरीत उत्तरेकडून दक्षिणेला. तो सरळ खाली बघत नाही, एका कुशीवर तिरका बघतो. म्हणून एका फेरीत डोंगराची ही बाजू सावलीत जाते, दुसऱ्या फेरीत ती. आणि सावलीतूनही परत काही येत नाही, तीही काळीच दिसते. तेव्हा शेजारी ठेवायची दोन्ही चित्रं एकाच फेरीतली हवीत, हा आमच्या धंद्यातला बिगरीचा धडा. मला हवं ते हिवाळ्याचं चित्र मिळत नव्हतं. परिषद तोंडावर आली होती. मी उलट्या फेरीतलं घेतलं, सावल्या वेगळ्या काढायच्या राहिल्या, आणि हिवाळ्यात उजळ असलेला उतार मार्चमध्ये काळा दिसल्याबरोबर मी टाळी वाजवली. बर्फ कसला ओला झाला होता! डोंगराची सावली होती ती. माझ्या सरांना सांगितलं. ते ओरडले नाहीत, त्याचंच मला जास्त लागलं. "घरी जाऊन या, आल्यावर दुरुस्ती छापायला पाठवू," एवढंच म्हणाले. म्हणजे सांगायची जागा ठरलेली होती, वेळ ठरलेली होती. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण पुढे मी जे केलं त्याला दुसरा इलाज नव्हता असं मी स्वतःला वर्षानुवर्षं सांगत आलेय.

सत्काराच्या दिवशी सकाळी आई शेवभाजीचा मसाला भाजतेय, सगळ्या घराला ठसका लागलाय, आणि तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात नवी सफारी हातात धरून उभे आहात, आईला बटण लावून दे म्हणताय. मी म्हणते, "नाना, ती बातमी चुकीची आहे." तुम्हाला वाटतं पेपरवाल्यानं नाव चुकवलं. मी सांगते. तुम्ही पाटावर बसता.

"म्हंजे पाघळलाच नाही?"

"पाघळला असेल, नसेल. मला दिसली ती सावली होती."

"कोनाले माहीत हाय?"

"सरांना."

"अन् इथं?"

"इथं कुणाला माहीत असणार!"

तुम्ही बराच वेळ सफारीच्या बाहीवरून हात फिरवत राहता. मग म्हणता, "मंग आज नको सांगू. उद्या सांग, परवा सांग, पेपरात छापून दे, मी नाही म्हननार नाही. आज मले चार लोकांत बसू दे."

"मी खोटा सत्कार घ्यायचा?"

"नारळ घे, हात जोड, अन् खाली उतर. काही बोलूच नको."

आई कढई उतरवत म्हणाली, "एक दिवस गप बसली तर जीभ झडनार हाय का तुही?" मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. पाय आपटत आंघोळीला गेले. तुम्ही ते हो समजलात. बाहेर आले तर तुम्ही सफारी घालून आरशासमोर उभे होतात आणि गळ्याचं बटण लावू की नको ते ठरत नव्हतं.

तुम्ही पहिल्या रांगेत बसलात. स्टेजवरून मला तुमचे गुडघे एकमेकांना चिकटवलेले दिसत होते, शाळेत नवा आलेला मुलगा बसतो तसे. काकांनी अर्ध्या हिंदीत, अर्ध्या मराठीत भाषण केलं. 'हमारे घर की बेटी' दहादा आलं. शाल, श्रीफळ, हार झाला. मग 'दो शब्द बोल दे बेटा' म्हणून माइक माझ्या हातात आला. आणि मी सांगितलं. एका वाक्यात सांगता आलं असतं, की या कामात माझ्याकडून चूक झालीय, ती मी दुरुस्त करतेय, तुमच्या प्रेमाबद्दल आभार. पण नाही! मी व्याख्यान दिलं. दोन फेऱ्या, तिरकी नजर, सावली, सगळं. 'हा सत्कार मी घेऊ शकत नाही' असं म्हणून शाल काढून टेबलावर ठेवली. सभागृह जसं गार पडत गेलं तसा माझा आवाज चढत गेला. मागून कुणीतरी विचारलं, "मतलब छाँव का फोटो निकाला क्या?" आणि हशा पिकला. काकांनी माइक घेतला, "कोई बात नहीं, बच्ची है," आणि तुमच्याकडे बघून मराठीत म्हणाले, "घरात विचारून घ्यायचं व्हतं ना, नाना." तुम्ही उठलात. मला वाटलं, निघून जाताय. तुम्ही मागच्या दाराशी ठेवलेले दराब्याचे, आपल्या गावच्या त्या रव्या-तुपाच्या मिठाईचे, खोके उघडलेत आणि वाटायला लागलात. तो दराबा तुम्ही सांगून करवून घेतला होता. एकेकाच्या हातावर ठेवत, "घ्या, घ्या," म्हणत तुम्ही मागच्या रांगेपासून पुढे येत होतात आणि लोक तोंडात टाकून तुमच्याकडेच बघून हसत होते. मी स्टेजवर उभी होते. खाली उतरून एक खोका मीही उचलावा, हे मला सुचलं नाही.

परतताना आपण पायी आलो. आई काकूबरोबर मागे राहिली होती. तुम्ही शेवटी बोललात ते चालता चालता, माझ्याकडे न बघता. "खरं बोलली ते बरं केलं. पन बोलताना मजा येत व्हती तुले. मी पाहलं." बस्स. नाना, तुम्ही मला शिव्या घातल्या असत्या तर मी भांडले असते. मी तरीही भांडलेच. म्हटलं, "तुम्हाला फक्त त्या खुर्चीची पडली होती." घरी येऊन तुम्ही सफारी काढून घडी घातलीत आणि रोजच्या कपड्यांत कारखान्यात निघून गेलात, पाळी नसताना. मला मजा येत होती, हे खरं आहे. तुमच्या डोळ्यांदेखत मी त्या सगळ्यांपेक्षा उंच झाले होते आणि त्यात तुम्हीही खालीच होतात.

दुरुस्ती छापून आली. एका कोपऱ्यात, चार ओळी. कुणी वाचली नाही, कुणाचं काही बिघडलं नाही, माझी नोकरी टिकली, बढतीही झाली. बुरहानपुरात मात्र 'छाँववाली' हे नाव काही वर्षं टिकलं, आणि ते मला नाही, तुम्हाला ऐकावं लागलं. मी तर डेहराडूनला होते. पुढे कारखाना बंद पडला, तुम्ही घरी बसलात. आणि मग खकनारला मावसभावाच्या लग्नात मी तुमची नवी गोष्ट पहिल्यांदा ऐकली. पंगतीत माझ्या शेजारी बसून तुम्ही मुलीकडच्या मंडळींना सांगत होतात, "सेटेलाईटची गलती व्हती. तिरपं झालं व्हतं ते. मोठेमोठे साहेब फसले, पन माह्या पोरीनं पकडली. भर सभेत सांगितलं तिनं, कोनाच्या बापाले भ्याली नाही!" मठ्ठ्याचा पेला तिरपा धरून तुम्ही सेटेलाईट दाखवत होतात. माझा घास हातातच राहिला. मी तोंड उघडलं, आणि मिटलं. म्हटलं, जाऊ दे, म्हाताऱ्या माणसाला तेवढंच बरं वाटतंय. एकदा तोंड उघडून काय मिळवलं होतं मी! तेव्हा मला वाटलं की मी तुमच्यासाठी गप्प बसले, आणि घरी येईपर्यंत स्वतःचं कौतुकही वाटलं.

तीच गोष्ट तुम्ही शेवटच्या आजारात नर्सला सांगितलीत, सलाईनची बाटली दाखवून. तुम्ही गेल्यावर बसायला आलेले लोकही तीच सांगत होते. "आपने ही पकड़ी थी ना सेटेलाइट की गलती?" आणि काका, ज्यांनी सगळं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, तेही शोकसभेत तसंच बोलले. तुम्ही एकेका घरी, एकेका पंगतीत बसून, माझी शरम गावाच्या डोक्यातून काढून टाकली होती. किती वर्षं लागली असतील तुम्हाला? मी हात जोडून बसले होते. माझ्या शेजारी आई होती. तिनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि पदर डोळ्यांना लावला.

आता जे लिहायचं ते इतका वेळ टाळलं. परवा शुक्रवारी माझी एक विद्यार्थिनी खोलीत आली. हुशार आहे, हट्टी आहे, लहान गावातून आलीय, वडील तिला शिकवायला तयार नव्हते. गेल्या महिन्यात तिनं मोठ्या परिषदेत काम मांडलं, सगळीकडे वाहवा झाली. शुक्रवारी ती लॅपटॉप उघडून माझ्यासमोर बसली आणि बोलायच्या आधीच रडायला लागली. उलट्या फेऱ्यांची दोन चित्रं. सावली ओल्या बर्फात धरलेली. मला पडद्याकडे दुसऱ्यांदा बघावंही लागलं नाही. ती म्हणाली, "मॅडम, मी सोडून देते हे सगळं. माझ्याच्यानं नाही होणार." आणि मग नाक पुसत विचारलं, "तुमच्याकडून कधी झालंय असं?"

दार बंद होतं. खोलीत आम्ही दोघीच. माझं काहीही जाणार नव्हतं, नोकरी नाही, नाव नाही, ना कुणी हसणार होतं. त्या पोरीला फक्त एक 'हो' हवा होता. आणि मी म्हणाले, "नाही. माझ्या वेळेला उपग्रहाच्या चित्रातच गडबड होती. ती मी पकडली होती." नाना, शब्द जिभेवर तयारच होते. अडखळलेही नाही मी. तिनं मान खाली घातली आणि "सॉरी मॅडम" म्हणाली. दाराशी थांबून विचारलं, "घरी काय सांगू? त्यांनी गावात पेढे वाटलेत." मी म्हणाले, "खरं असेल तेच सांगायचं."

ती शनिवारी सकाळच्या गाडीनं घरी गेली, असं तिच्या मैत्रिणीनं सांगितलं. परत येईल का, ते मैत्रिणीलाही माहीत नाही.

इतकी वर्षं मी म्हणत आले की मी गप्प बसते ती तुमची गोष्ट मोडू नये म्हणून. तुम्ही ती माझ्यासाठी रचली होतीत, स्वतःचं हसं झालेलं गिळून. मी ती काढून एका रडणाऱ्या पोरीच्या तोंडावर मारली, कारण तिच्यासारखं दिसायचं नव्हतं मला, एक क्षणभरसुद्धा. आज रविवार. तिचा नंबर माझ्याकडे आहे. सकाळी फोन हातात घेतला, मग म्हटलं चहा झाल्यावर करू, मग म्हटलं आधी तुम्हाला लिहू. आता लिहूनही झालं. हे पत्र कुठे टाकायचं नाही, कुणी वाचायचं नाही, म्हणून एवढं मोकळं लिहिता आलं. मला फार लाज वाटते, नाना. पण तिला फोन करण्याइतकी अजून वाटलेली नाही.